पुसलेल्या फाइलची मुदत

‘डिलीट झालेली फाइल परत मिळेल का?’ हा प्रश्न घरोघरी संगणक आले तेव्हापासूनचा आहे. पूर्वी त्याचे उत्तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात मिळत असे. हार्डडिस्क काढून न्यायची, दुकानदार ती दुसऱ्या संगणकाला जोडून एक सॉफ्टवेअर चालवायचा आणि संध्याकाळपर्यंत बरेचसे फोटो, पत्रे, हिशेब परत आलेले असायचे. त्यामागचे कारण साधे होते. हार्डडिस्कवरची फाइल पुसली की तिचा मजकूर लगेच जात नसे. यादीतली तिची नोंद खोडली जाई आणि ती जागा मोकळी धरली जाई, एवढेच. तिथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तसाच पडून राही. आताच्या एसएसडीमध्ये हा आधारही फारसा उरलेला नाही. पुसलेली जागा मोकळी झाल्याची सूचना ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीला देते आणि एसएसडी आपल्या सवडीने ती आतून साफ करून टाकते.

क्लाउडमध्ये तर फाइल एका डिस्कवर नसतेच. तिचे तुकडे होतात, ते कुलूपबंद सांकेतिक रूपात अनेक यंत्रांवर विखुरले जातात आणि ती यंत्रे कुठल्या गावात आहेत हे सामान्य ग्राहकाला ठाऊक नसते. म्हणून ‘क्लाउडमधून कायमची गेलेली फाइल परत काढून देतो’ असे कुणी बाहेरचा दुकानदार सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवायला जागा नाही. त्या यंत्रांपर्यंत त्याचा हातच पोचत नाही. फोनवर किंवा लॅपटॉपवर एखादी स्थानिक प्रत शिल्लक असेल तर ती तो शोधून देईल. एरवी फाइल परत मिळायला दोन गोष्टी लागतात. तिची प्रत कुणीतरी आधीच ठेवलेली हवी आणि ती प्रत राखण्याची मुदत संपलेली नको. गेल्या दोन दशकांतला सारा वाद या दोन अटींभोवती फिरतो. प्रत कुणी ठेवायची, किती दिवस ठेवायची आणि ती पुसण्याचा अधिकार कुणाच्या हाती असावा?

मागे वळून पाहताना

क्लाउड हा शब्द रूढ होण्याआधीची एक गोष्ट या क्षेत्रात आजही सांगितली जाते. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाच्या बहुतांश फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो बरेच दिवस नीट चालत नव्हता हे तेव्हाच कळले. गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. पुढच्या जवळपास प्रत्येक दुर्घटनेत यातलाच कुठला तरी धागा सापडतो. बॅकअप असतो, तो चालत नाही, आणि शेवटी व्यवस्थेबाहेर राहिलेली एखादी प्रत कामी येते.

अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ ही साठवणसेवा सुरू केली. ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आयक्लाउड २०११ मध्ये आणि गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये आले. या सेवांनी घरातल्या हार्डडिस्कची भीती संपवली असे तेव्हा वाटले आणि एका मर्यादित अर्थाने ते खरेही होते. यंत्र बिघडल्यामुळे फाइल जाणे आता जवळपास थांबले आहे. एस३ आपल्या टिकाऊपणाचा आकडा ९९.९९९९९९९९९ टक्के असा सांगते. अकरा वेळा नऊ. मात्र हा आकडा डिस्क आणि सर्व्हर बिघडण्याविषयी आहे. मालकाने, त्याच्या कर्मचाऱ्याने किंवा त्याचा पासवर्ड चोरणाऱ्याने फाइल पुसली, तर तो पुसण्याचा हुकूम तितक्याच विश्वासूपणे अमलात येतो.

याची जाणीव लवकरच झाली. जानेवारी २००९ मध्ये मॅग्नोलिया ही दुवे साठवून ठेवणारी सेवा बंद पडली. तिच्या डेटाबेसमधली माहिती बिघडली होती आणि बॅकअप म्हणून ठेवलेली प्रत मूळ प्रतीशी सतत जुळवून घेत असल्याने तिच्यातही तोच बिघाड उतरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत साइडकिक फोन वापरणाऱ्यांचे संपर्क आणि फोटो गेल्याचे जाहीर झाले. ते बहुधा कायमचे गेले, असे ती सेवा ज्यांच्या हाती होती त्या मायक्रोसॉफ्टला आधी म्हणावे लागले. काही दिवसांनी त्यातले बरेचसे परत आणता आले. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांमधला पत्रव्यवहार अचानक दिसेनासा झाला. साठवणीच्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने वेगवेगळ्या डेटा सेंटरांतल्या प्रतीही एकदमच बाधित केल्या होत्या. गूगलने तो पत्रव्यवहार शेवटी चुंबकीय टेपवरून परत आणला. जगातल्या सर्वांत आधुनिक माहिती कंपनीला कपाटात ठेवलेल्या टेपने तारले, याची तेव्हा थोडी थट्टाही झाली. कारण मात्र विचार करण्याजोगे आहे. टेप जाळ्याला जोडलेली नव्हती, म्हणून दोष तिच्यापर्यंत पोचला नाही.

पुसल्यानंतर काय होते

आज बहुतेक सेवांमध्ये पुसणे टप्प्याटप्प्याने होते. पहिला टप्पा कचरापेटीचा. इथून फाइल कुणालाही, कसलीही मदत न घेता परत आणता येते. गूगल ड्राइव्हमध्ये हा काळ ३० दिवसांचा आहे. १३ ऑक्टोबर २०२० पूर्वी तिथल्या कचरापेटीतली फाइल आपण होऊन जात नसे. ती सवय लागलेले अनेकजण आजही कचरापेटीला कोठीची खोली समजतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेल्या छायाचित्राला ६० दिवस मिळतात, बॅकअप न घेतलेल्याला ३०. वनड्राइव्हमध्ये वैयक्तिक खात्याला ३० दिवस आणि कार्यालयीन खात्याला ९३ दिवस. आयक्लाउडमध्ये ३० दिवस. ड्रॉपबॉक्समध्ये साध्या खात्याला ३० दिवस, तर व्यावसायिक योजनांमध्ये १८० किंवा ३६५ दिवस. म्हणजे परत मिळण्याची शक्यता बऱ्याच अंशी तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरते.

दुसरा टप्पा सामान्य ग्राहकाला दिसत नाही. गूगलच्या कार्यालयीन सेवेत कचरापेटी रिकामी केल्यावरही आणखी २५ दिवस व्यवस्थापकाला फाइल परत आणता येते. एखाद्या कर्मचाऱ्याचे खाते पुसले गेले तर ते २० दिवसांत जिवंत करता येते. छोट्या संस्थांमध्ये, शाळांमध्ये, सहकारी पतपेढ्यांमध्ये नोकरी सोडून गेलेल्याचे खाते लगेच बंद करण्याची पद्धत असते आणि त्याच्या नावावरच्या सामायिक फाइली त्याच्याबरोबर जातात. ही गोष्ट महिन्याभराने, ऑडिटच्या वेळी लक्षात येते. तोवर वीस दिवस उलटून गेलेले असतात.

तिसरा टप्पा कंपनीच्या अंतर्गत बॅकअपचा. गूगलच्या जाहीर धोरणानुसार पुसलेली माहिती चालू यंत्रणांतून पूर्ण जायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. इथे वाचकाच्या मनात आशा निर्माण होते, पण ती फारशी खरी नाही. हे बॅकअप डेटा सेंटर कोसळले तर सेवा उभी करण्यासाठी असतात. त्यांतून एका ग्राहकाची एक फाइल वेचून काढण्याची सोय नसते.

आवृत्त्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण पुसण्यापेक्षा ‘वरून लिहिले जाणे’ हा अपघात जास्त घडतो. लेखाची जुनी फाइल नव्या नावाऐवजी त्याच नावाने जतन झाली, किंवा कुणी सामायिक तक्त्यातले आकडे बदलले, तर कचरापेटीत काहीच सापडत नाही. तिथे मागच्या आवृत्तीकडे जावे लागते. पीडीएफ, छायाचित्रे, वर्डच्या फाइली अशा गोष्टींच्या जुन्या आवृत्त्या गूगल ड्राइव्ह ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवते. वनड्राइव्हच्या सशुल्क ग्राहकाला संपूर्ण साठा गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणापर्यंत मागे नेता येतो. माझ्या मते सामान्य वापरणाऱ्याला मिळालेली ही सर्वांत मोलाची सोय आहे, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी झाली आहे.

सिंक की बॅकअप?

या क्षेत्रातला जुना आणि अजून न मिटलेला वाद इथे सुरू होतो. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह या मुळात जुळवाजुळव करणाऱ्या, म्हणजे सिंक करणाऱ्या सेवा आहेत. इकडे बदल झाला की तिकडे होतो, इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. बॅकअपने याच्या उलट वागायला हवे. इकडे काहीही झाले तरी तिकडची प्रत आपली आपण उभी राहिली पाहिजे. मॅग्नोलियाचा शेवट या दोहोंतला फरक न राखल्याने झाला.

कंपन्या मात्र दोन्ही गोष्टींना बॅकअपच म्हणतात. गूगल फोटोजमध्ये तर बटणावरच तो शब्द आहे. त्यामुळे घडते असे, की फोनची जागा भरली म्हणून कुणीतरी ‘बॅकअप झालेलेच आहेत’ या खात्रीने त्याच अ‍ॅपमधून फोटो पुसते आणि ते क्लाउडमधूनही जातात. फोनवरची जागा मोकळी करण्याचा पर्याय त्या अ‍ॅपमध्ये वेगळा आहे आणि तो वापरला तर क्लाउडमधली प्रत राहते. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हकडे वळवले जातात, तेव्हाही असाच घोटाळा होतो. माणूस वनड्राइव्ह साफ करतो आणि डेस्कटॉप रिकामा होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील अ‍ॅपच्या ८४ व्या आवृत्तीत सिंकचा दोष निघाला आणि काहीजणांच्या अनेक महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या. खाते तोडू नका, अ‍ॅपचा स्थानिक फोल्डर पुसू नका, असे गूगलने तेव्हा सांगितले, कारण त्या फाइली क्लाउडपर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्या असल्या तर त्या संगणकावरच्या त्या फोल्डरमध्येच होत्या.

तीन भूमिका

पहिली भूमिका सेवा देणाऱ्या कंपन्यांची. त्यांचे म्हणणे असे की कचरापेटी, आवृत्त्या, व्यवस्थापकाचा वाढीव काळ आणि अनेक ठिकाणच्या प्रती मिळून बहुतेकांची गरज भागते. फाइल पुसल्याचे माणसाला सहसा दोन-चार दिवसांत कळते. ३० दिवस त्याला पुरेसे आहेत. त्यापलीकडची जबाबदारी वाटून घेतलेली आहे. यंत्रणा टिकवणे कंपनीचे काम, तिच्यात काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे ग्राहकाचे. मायक्रोसॉफ्टच्या सेवाकरारातही ग्राहकाने आपल्या मजकुराची प्रत वेगळी ठेवावी अशी शिफारस आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. घरगुती अपघातांपैकी बहुतेक खरोखरच कचरापेटीत निस्तरतात. पण शिफारस कराराच्या पोटात ठेवायची आणि जाहिरातीत ‘तुमच्या आठवणी सुरक्षित’ म्हणायचे, हे दोन्ही एकत्र नांदत नाही. शिवाय २०२४ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन सेवेसाठी स्वतंत्र बॅकअपची सशुल्क सेवा आणली. आधीची सोय पुरेशी नव्हती असे ती कंपनी म्हणत नाही, पण त्या विक्रीतून तसा अर्थ निघतोच.

दुसरी भूमिका बाहेरच्या प्रतीची. तिचे सूत्र ३-२-१ या नावाने प्रसिद्ध आहे आणि ते कुणा संगणकतज्ज्ञाने नव्हे, तर पीटर क्रोग या छायाचित्रकाराने डिजिटल छायाचित्रांच्या जतनावर लिहिताना लोकप्रिय केले. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. या मताचे लोक म्हणतात की गूगल ड्राइव्हमधल्या फाइलीची दुसरी प्रत गूगल ड्राइव्हमध्येच असेल तर ती मोजूच नये, कारण दोन्हींचा पासवर्ड एक, मालक एक आणि बिघाडही एकच. यावर आक्षेप खर्चाचा आणि आळसाचा आहे. घरातल्या माणसाने महिन्याला हार्डडिस्क जोडून प्रत घ्यावी, हे सांगायला सोपे आणि होण्यास कठीण. बाहेर ठेवलेली प्रत माहिती चोरीला जाण्याचा धोकाही वाढवते.

तिसरी भूमिका उलट्या बाजूने येते आणि ती या चर्चेत उशिरा शिरली. तिचा आग्रह असा की पुसलेले खरोखर पुसले गेले पाहिजे. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय माहितीसंरक्षण नियमांच्या १७ व्या कलमात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या १२ व्या कलमातही तो आहे. रुग्णालयाने, दुकानाने, अ‍ॅपने माझी माहिती पुसली असे सांगितले आणि ती बॅकअपमध्ये वर्षभर राहिली, तर पुसण्याला अर्थ काय? बॅकअप चालवणारे म्हणतात, की शेकडो फाइली एकत्र बांधलेल्या बॅकअपमधून एका व्यक्तीची नोंद काढणे म्हणजे सगळा संचच नव्याने लिहिणे. ब्रिटनच्या नियामकाने यावर मधला मार्ग सुचवला आहे. बॅकअपमधली नोंद लगेच काढता येत नसेल तर ती वापराबाहेर ठेवावी आणि मुदत संपल्यावर ती जावी. दुसरा उपाय तांत्रिक आहे. प्रत्येकाची माहिती स्वतंत्र किल्लीने कुलूपबंद करायची आणि पुसायची वेळ आली की किल्ली नष्ट करायची. बॅकअपमध्ये मग उरतो तो कुणालाही न वाचता येणारा मजकूर. चुकून किल्ली गेली तर काय, हा प्रश्न अर्थातच तिथेही आहे.

दुर्घटनांतून काय दिसते

मोठ्या दुर्घटनांचे अहवाल हे या वादातले सर्वांत चांगले साधन आहे, कारण त्यांत कंपन्यांना आपली व्यवस्था उघड करावी लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीच्या डेटाबेसमधले ४.५ जीबी उरले होते. बॅकअपचे पाच मार्ग कागदावर होते. रोजची प्रत एस३ मध्ये जायला हवी होती, पण सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्याने ती प्रत कधी तयारच होत नव्हती आणि ती चुकल्याची सूचना देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी एका वेगळ्या कामासाठी हाताने घेतलेली प्रत शेवटी उपयोगी पडली. सहा तासांचे काम गेले ते गेलेच. गिटलॅबने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि चुका लपवल्या नाहीत, म्हणून हा प्रसंग आजही अभ्यासला जातो.

फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला १० मार्च २०२१ च्या पहाटे आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांनी बॅकअपचे पैसे भरले होते, पण बॅकअपही त्याच आवारात होता. २०२३ मध्ये लिल इथल्या वाणिज्य न्यायालयाने एका ग्राहक कंपनीला एक लाख युरोंहून अधिक भरपाई देण्याचा निकाल दिला. बॅकअप म्हणवणारी गोष्ट मूळ प्रतीपासून दूर असली पाहिजे, ही अपेक्षा या निकालाने न्यायालयात पोचली. आगीच्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर २०२१ मध्ये, जपानच्या क्योतो विद्यापीठात उलटा प्रकार घडला. महासंगणकाच्या साठ्याचा बॅकअप सांभाळणाऱ्या स्क्रिप्टनेच ७७ टेराबाइट संशोधनसाहित्य, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या. जुन्या नोंदी साफ करण्याची ती आज्ञा होती. चालू असतानाच तिच्यात बदल केला गेला आणि तिची कुऱ्हाड भलतीकडेच पडली. चार संशोधनगटांचे काम परत आणता आले नाही.

बाहेरच्या प्रतीच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियाचा. मे २०२४ मध्ये युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपले खाते पाहता येत नव्हते. यंत्रणा उभारताना गूगलच्या बाजूने एक रकाना कोरा राहिला होता, त्यामुळे तिची मुदत आपोआप एक वर्ष धरली गेली, आणि वर्ष संपताच ती पुसली गेली. ग्राहकाने पुसायला सांगितले नव्हते म्हणून ग्राहकाला पूर्वसूचनाही गेली नाही. गूगलच्याच वेगळ्या साठवणीतल्या प्रती आणि दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप या दोन्हींच्या आधारे सारे परत उभे राहिले.

दक्षिण कोरियाला तेवढे सुदैव लाभले नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम-आयन बॅटरीमुळे आग लागली. तिथे ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा सरकारी क्लाउड होता. कर्मचाऱ्यांनी कामाच्या फाइली स्वतःच्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवाव्यात असा दंडक होता. प्रत्येकाला ३० जीबी जागा होती. ८५८ टेराबाइट साहित्य जळाले. साठा फार मोठा असल्याने बाहेर बॅकअपच घेतला जात नव्हता, असे स्पष्टीकरण देण्यात आले. आज ८५८ टेराबाइट ही कुठल्याही सरकारला न पेलणारी गोष्ट नाही. तेव्हा हे कारण मला तांत्रिक वाटत नाही. ते प्राधान्याचे आहे.

खंडणीखोर आणि न पुसता येणारी प्रत

आग आणि चुका यांच्या पलीकडे हेतुपुरस्सर पुसणारेही आहेत. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या अ‍ॅमेझॉनवरील नियंत्रणकक्षात कुणीतरी घुसला, खंडणी मागितली आणि ती न मिळाल्याने मूळ माहिती व बॅकअप दोन्ही पुसले. कंपनी बंद झाली. सगळ्या प्रती एकाच चावीने उघडणाऱ्या होत्या. त्यानंतर, विशेषतः रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सुळसुळाट झाल्यावर, ठरावीक मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येणार नाही अशा प्रतींचा आग्रह वाढला. अ‍ॅमेझॉनने एस३ मध्ये अशी सोय २०१८ मध्ये दिली.

आपल्याकडचे उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले पाच सर्व्हर बाधित झाले आणि सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली गेली. केसपेपर, तपासण्या, दाखल होणे सारे काही दिवस हातांनी लिहून चालले. ई-हॉस्पिटलची माहिती मात्र एका अबाधित बॅकअप सर्व्हरवरून परत आणता आली. तो सर्व्हर वाचला हे महत्त्वाचे. आणि तरीही कामकाज रुळावर यायला दोन आठवडे लागले, हेही. किती जुनी प्रत मिळते आणि ती उभी करायला किती वेळ लागतो, ही दोन वेगळी मोजमापे आहेत. चर्चा बहुधा पहिल्यावरच थांबते. रुग्णालयाला दुसरे जास्त भोवते.

न पुसता येणाऱ्या प्रतीची मागणी आणि पुसून मागण्याचा हक्क यांची गाठ इथे पडते. खंडणीखोराला पुसता येऊ नये म्हणून जी प्रत बंदिस्त केली, तिच्यातून रुग्णाची माहितीही मुदतीआधी काढता येत नाही. युरोपात यावर मार्गदर्शक सूचना आहेत. भारतात कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. बॅकअपमधल्या माहितीचे नेमके काय करायचे, हे इथे प्रत्यक्ष प्रकरणांतूनच ठरेल.

किल्ली, खाते आणि वारस

काही वेळा फाइल जागेवर असते, पण मालकालाच ती मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने ऑक्टोबर २०२१ पासून बॅकअप पूर्ण कुलूपबंद ठेवण्याचा पर्याय दिला. त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हरवली तर व्हॉट्सअ‍ॅप, गूगल वा अ‍ॅपल कुणीही तो उघडू शकत नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने हेच तर हवे आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने फोन बदलताना वर्षानुवर्षांचे निरोप गमावले की मात्र हे पटवणे अवघड जाते.

खातेच बंद होणे हा आणखी एक प्रकार. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले. नियमभंगाच्या संशयावरूनही खाते बंद होऊ शकते. गुजरातमधल्या एका अभियंत्याचे खाते आजी आपल्याला लहानपणी आंघोळ घालत असल्याच्या जुन्या फोटोवरून बंद झाले आणि २०२४ साली गुजरात उच्च न्यायालयाने गूगलला नोटीस काढली. अशा वेळी कचरापेटीची मुदत, आवृत्त्या, सारेच निरर्थक ठरते. या शक्यतेचा विचार केला तर बाहेरच्या प्रतीची बाजू मला अधिक सबळ वाटते. इतर सर्व तरतुदी खाते शाबूत आहे असे धरून चालतात.

मृत्यूनंतरची व्यवस्था अजून तोकडी आहे. गूगलने २०१३ मध्ये आणि अ‍ॅपलने २०२१ मध्ये वारस नेमण्याची सोय दिली. भारताच्या २०२३ च्या कायद्यातले १४ वे कलम माहितीच्या मालकाला नामनिर्देशनाचा हक्क देते. पण नामनिर्देशित व्यक्तीला मृताचे हक्क बजावता येणे आणि त्याच्या ड्राइव्हमधल्या हस्तलिखितांवर, छायाचित्रांवर मालकी सांगता येणे या निराळ्या गोष्टी आहेत.

अजून न सुटलेले

पुण्यात आणि चेन्नईत आपली डेटा सेंटरे जोडीने ठेवणारी मायक्रोसॉफ्ट, मुंबईनंतर हैदराबादेत आलेले अ‍ॅमेझॉन, मुंबईखेरीज दिल्लीत असलेले गूगल, यांच्यामुळे भारतातल्या भारतात दूरची दुसरी प्रत ठेवणे आता शक्य आहे. ती घेणे मात्र बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आणि जादा पैशांचे आहे. ते तसेच राहावे की रुग्णालये, विद्यापीठे, बँका यांना सक्तीचे व्हावे, यावर मतभेद आहेत. बॅकअप घेतल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते; तो प्रत्यक्ष उतरवून पाहिल्याचे सहसा कुणी मागत नाही, आणि गिटलॅब तिथेच फसले होते. परत मागितलेल्या फाइलींपैकी किती परत मिळाल्या, याचा आकडा ग्राहकाला योजना निवडताना कुठेच दिसत नाही. त्यामुळे ३० दिवस पुरेसे आहेत की नाहीत, हा वाद अंदाजांवरच चालू आहे.

ग्राहक संघटनांनी निदान एवढे तरी मागावे. औषधाच्या पाकिटावर जशी मुदत छापलेली असते, तशी फाइल पुसण्याच्या बटणाशेजारीच ती परत मिळण्याची शेवटची तारीख दिसावी, आणि योजना विकतानाही ती ठळक सांगावी. तोवर वाचकांनी आपल्या खात्याची मुदत किती आहे ते सेटिंगमध्ये जाऊन पाहावे, एक बिनमहत्त्वाची फाइल मुद्दाम पुसून परत आणून पाहावी, आणि जे गमावून चालणार नाही त्याची एक प्रत दुसऱ्या पासवर्डच्या पलीकडे ठेवावी.